इंग्रजी वाङ्मयाची एम्. ए. आणि लेखनाची हौस

मुंबईच्या उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांत बी. ए. चा निकाल लागला म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या घरांतली मुलगी म्हणते, "मला इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. व्हावयाचें आहे; पुढें मला लिहावयाचें आहे." बाबा विचारतात, "तें ठीक, पण चरितार्थाचें काय?" आई म्हणते, "निदान बी. एड्. तरी जोडीला कर." इतक्यांत घाटकोपरचे मामा येतात आणि सांगतात कीं, इंग्रजी हल्लीं सगळ्यांनाच येतें, त्यासाठीं दोन वर्षें कशाला घालवावयाचीं? ह्या तिघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ही पदवी मुळांत निघाली कशासाठीं, तींत शिकवितात काय, आणि तिच्या बळावर कोणी लेखक होतो कीं काय, ह्यांची फोड त्या बैठकींत सहसा होत नाहीं. मुलगी रुसते, वडील वर्तमानपत्र उघडतात, आणि प्रवेशअर्जाची मुदत मात्र जवळ येत राहते.

मामांच्या शंकेपासूनच आरंभ केलेला बरा. इंग्रजी येणें आणि इंग्रजी वाङ्मय शिकणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी बोलणाऱ्या प्रत्येकास ज्ञानेश्वरीचा अर्थ लागतो असें कोणी म्हणणार नाहीं. तसेंच, कचेरींतला पत्रव्यवहार सफाईनें करणाऱ्या गृहस्थास मिल्टनची ओळ लागेलच असें नाहीं. आणि उलट, मिल्टनवर उत्तम निबंध लिहिणारा पदवीधर दुकानदाराशीं इंग्रजींत बोलतांना अडखळतो, हेंहि दृश्य दुर्मिळ नाहीं. ज्यांना फक्त इंग्रजी सुधारावयाचें आहे त्यांनीं ह्या पदवीच्या वाटेस जाऊं नये. तें काम दुसरीकडे लवकर आणि स्वस्तांत होतें.

आतां पदवीच्या जन्माविषयीं. इंग्रजी वाङ्मय हा परीक्षेचा विषय इंग्लंडांत पुरातन काळापासून चालत आला असला पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. वस्तुतः तसें नाहीं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथें शतकानुशतकें ग्रीक व लॅटिन शिकवीत. मातृभाषेंतलें काव्य सभ्य गृहस्थानें फावल्या वेळीं वाचावें, त्याची परीक्षा कसली द्यावयाची, असा तेथील पंडितांचा भाव होता. लंडन येथें १८२८ सालीं इंग्रजीचा अध्यापक नेमला गेला खरा. पण ऑक्सफर्डमध्यें ह्या विषयाची स्वतंत्र पदवीपरीक्षा सुरू झाली ती १८९० नंतर, आणि केंब्रिजनें ती १९१७ सालीं मान्य केली. इकडे मेकॉलेचें टिपण १८३५ सालचें, आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जुलै महिन्यांतली. म्हणजे मुंबईचा विद्यार्थी शेक्सपियर परीक्षेसाठीं वाचूं लागला तो ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याच्या कितीतरी आधीं. गौरी विश्वनाथन् ह्या विदुषींनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्याच गोष्टीकडे बोट दाखविलें आहे. राज्यकर्त्यांना येथें उघडपणें आपला धर्म शिकवितां येत नव्हता, म्हणून त्यांनीं वाङ्मयाच्या द्वारें आपली नीति आणि आपला मोठेपणा शिकविला, असें त्यांचें प्रतिपादन आहे. तें पुष्कळ अंशीं पटण्यासारखें आहे. मात्र शिकविणाऱ्याचा हेतु एक असतो आणि शिकणारा त्यांतून उचलतो भलतेंच, हाहि सर्व शिक्षणाचा अनुभव आहे.

मुंबई इलाख्यांत हें सर्व मुकाट्यानें झालें असें मात्र कोणी समजूं नये. १८४० नंतरच्या दशकांत शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें ह्या मताचे होते. तर जगन्नाथ शंकरशेट यांनीं देशी भाषांचा पक्ष मंडळांत हिरीरीनें मांडला, आणि जर्व्हिससाहेबांनीं त्यांना साथ दिली. जय शेवटीं इंग्रजीचा झाला. पण तो वाद संपला नाहीं. आज एखाद्या घरांत मुलीला मराठी शाळेंत घालावें कीं इंग्रजी, ह्यावर जी वादावादी होते ती त्याच वादाची पणती आहे.

१८६२ सालीं विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेंत पहिले चौघे उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्या चौघांनीं इंग्रजी ग्रंथ मन लावून वाचले. पण इंग्रजी कवि म्हणून त्यांपैकीं कोणी पुढें आला नाहीं. रानडे न्यायाधीश झाले, भांडारकर संस्कृत विद्येंत रमले. आणि ज्या रानड्यांना विद्यापीठानें पहिल्या पदवीधरांत बसविलें, त्याच रानड्यांनीं पुढें मराठीला विद्यापीठांत मानाचें पान मिळावें म्हणून वर्षानुवर्षें खटपट केली. आज विद्यापीठाचा इंग्रजी विभाग कालिन्याच्या विद्यानगरींत ज्या इमारतींत आहे तिचें नांव रानडे भवन. हा योग जुळवून आणलेला नसेलहि. पण विद्यार्थ्यानें ती पाटी वाचून मगच जिना चढावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठींत जें नवें वाङ्मय निघालें त्याच्या पाठीशीं इंग्रजी वाचन होतें ह्याविषयीं दुमत नाहीं. आगरकरांनीं हॅम्लेटचें रूपांतर 'विकारविलसित' ह्या नांवानें १८८३ सालीं केलें. देवलांनीं ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिलें. केशवसुतांनीं चौदा ओळींचें सॉनेट मराठींत आणून आपल्या काव्यास नवें वळण लावलें. पण पदवीच्या दृष्टीनें पाहिलें तर चित्र वेगळें दिसतें. केशवसुत मॅट्रिकपुढें गेले नाहींत. 'पण लक्ष्यांत कोण घेतो' लिहिणाऱ्या हरि नारायण आपट्यांना बी. ए. ची पदवी मिळाली नाहीं. गणितानें त्यांचा मार्ग अडविला. तेव्हां इंग्रजी वाचनानें मराठी लेखक घडले हें विधान खरें. इंग्रजीच्या पदवीनें घडले हें मात्र सिद्ध होत नाहीं. वाचन आणि पदवी ह्यांची गल्लत करणें ही आपल्या मध्यम वर्गाची जुनी खोड आहे.

उपनगरांत हें शिक्षण पोंचलें तें बऱ्याच उशिरां. एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स हीं जुनीं कॉलेजें सारीं दक्षिण मुंबईंतलीं. जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज निघालें तें १९३० सालीं, पु. ल. देशपांडे हे तेथील विद्यार्थी. अंधेरीस भारतीय विद्या भवनाचें कॉलेज १९४६ सालीं उघडलें. विद्याविहारचें सोमय्या कॉलेज, पार्ल्याचें मिठीबाई, घाटकोपरचें झुनझुनवाला हीं सारीं १९६० च्या आगेमागें निघालेलीं, आणि मुलुंडचें केळकर-वझे तर १९८४ सालचें. एवढीं कॉलेजें झालीं तरी एम्. ए. च्या इंग्रजीसाठीं बहुतेकांची दृष्टि कालिन्याकडे लागते. कारण पदवीपर्यंत शिकविणारीं कॉलेजें पुष्कळ असलीं तरी त्यापुढचें वाङ्मय शिकविणारीं थोडीं.

तेथें शिकवितात काय? पूर्वीं हा अभ्यासक्रम म्हणजे चॉसरपासून टेनिसनपर्यंतची इंग्लंडांतल्या कवींची मिरवणूक होती. आतां ती मिरवणूक आंखूड झाली आहे, आणि तिच्यांत नवीं माणसें शिरलीं आहेत. शेक्सपियर आहे, रोमँटिक कवि आहेत, व्हिक्टोरियन कादंबरी आहे. पण त्यांच्या शेजारीं अमेरिकन वाङ्मय, भारतीयांनीं इंग्रजींत लिहिलेलें वाङ्मय, आफ्रिकेंतलें व कॅरिबियन बेटांतलें लेखन, भाषांतरविद्या, स्त्रियांचें लेखन आणि इंग्रजींत गेलेलें दलित साहित्य अशा विषयांनाहि स्थान मिळालें आहे. वाङ्मयसिद्धान्त नांवाचा एक भाग असतो. त्याचीं पुस्तकें फ्रेंच व जर्मन पंडितांचीं असून, विद्यार्थी त्यांना वचकून असतात. तो वचक सगळाच अनाठायीं नाहीं. त्या ग्रंथांपैकीं कांहीं मुद्दाम अवघड लिहिलेले आहेत, आणि शिक्षकानें तें कबूल केलें तर विद्यार्थ्याचा अर्धा भार उतरेल.

ह्या सर्वांच्या मुळाशीं जी एक संवय आहे ती मात्र समजून घेण्यासारखी आहे. केंब्रिजला आय्. ए. रिचर्ड्स नांवाचे अध्यापक होते. त्यांनीं विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, पण कवीचें नांव सांगितलें नाहीं, काळ सांगितला नाहीं, कांहींच सांगितलें नाहीं. आणि म्हटलें, वाचा, व काय वाटतें तें लिहून द्या. ह्या प्रयोगाची हकीकत १९२९ सालीं पुस्तकरूपानें आली. उत्तम शाळांतून आलेल्या त्या तरुणांनीं थोर कवींच्या कविता टाकाऊ ठरविल्या, आणि भाबड्या, गोडगोड पद्यांना डोक्यावर घेतलें. नांव झांकलें तेव्हां मत गळालें. मग प्रश्न निघाला कीं, कवितेंत खरोखर काय आहे तें शब्दाशब्दानें कसें पाहावें? हा शब्द येथें कां, दुसरा कां नाहीं? ओळ येथेंच कां मोडली? बोलणारा खरें बोलतो आहे कीं उपरोधानें? ह्या पद्धतीनें वाचणें ही इंग्रजीच्या वर्गाची खरी कमाई. घरीं करून पाहण्यास ती सोपी आहे. एखाद्या दिवाळी अंकांतल्या चार कवितांचीं नांवें कागदानें झांकावीं, आणि जेवणानंतर त्या घरांतल्या मंडळींस वाचून दाखवाव्या. कोण कोणती कविता श्रेष्ठ म्हणतो तें पाहून मामांचेंहि मत इंग्रजीच्या एम्. ए. विषयीं थोडें बदलेल.

ही संवय लेखकाला उपयोगी पडते काय? पडते, पण तिचा एक धोका आहे. दुसऱ्याच्या वाक्यांतलें व्यंग चटकन दिसूं लागलें कीं स्वतःचें वाक्य पुरें होत नाहीं. इंग्रजीच्या विभागांतून बाहेर पडलेल्या कित्येकांच्या वह्यांत पहिल्याच प्रकरणाच्या पांच आवृत्त्या असतात आणि दुसरें प्रकरण नसतें.

म्हणूनच परदेशांत लेखनाचा वर्ग वाङ्मयाच्या वर्गापासून वेगळा निघाला. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठानें १९३६ सालीं लेखनाची कार्यशाळा सुरू केली, तेथें कथा किंवा कविता हाच प्रबंध मानून पदवी देतात. इंग्लंडांत ईस्ट अँग्लिया विद्यापीठानें १९७० सालीं तसा वर्ग काढला; इयन मॅक्यूअन हे त्याचे पहिले विद्यार्थी. पद्धत साधी आहे. विद्यार्थी आपलें लिखाण आणतो, सर्वजण तें वाचून येतात, लेखकानें गप्प बसावयाचें, आणि बाकीच्यांनीं बोलावयाचें. आपल्या मराठी माणसाला ह्यांतला गप्प बसण्याचा भाग जड जाईल. मराठी कवि दिलीप चित्रे हे १९७५ पासून दोन वर्षें आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रमांत होते. पण त्यांचें मोठें काम म्हणजे तुकारामाचे अभंग इंग्रजींत नेणें, आणि तें कोणत्याहि वर्गांत शिकून होणारें नव्हतें. मुंबई विद्यापीठाची एम्. ए. ही अशी कार्यशाळा नव्हे. तेथें कादंबरी कशी वाचावी हें शिकवितात. ती कशी लिहावी हें नव्हे. जी मुलगी प्रवेश घेतांना हें ओळखून असते तिची निराशा होत नाहीं.

मुंबईंतल्या तीन इंग्रजी अध्यापकांचीं उदाहरणें घेतलीं तर ही गोष्ट अधिक उलगडते.

पहिले निस्सिम इझिकेल. १९२४ सालीं मुंबईंत, बेने इस्रायल समाजांत त्यांचा जन्म झाला. हा समाज म्हणजे कोंकणांतले 'शनिवार तेली'. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून हें नांव. ह्या लोकांची बोली शतकानुशतकें मराठी. परंतु इझिकेल यांच्या घरीं इंग्रजी रुळलें होतें. वडील विल्सन कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्याच कॉलेजांतून १९४७ सालीं ते इंग्रजी घेऊन एम्. ए. झाले. पुढें लंडनला गेले, तेथें गरिबींत राहिले, तत्त्वज्ञान वाचलें, आणि १९५२ सालीं 'अ टाइम टु चेंज' हा पहिला काव्यसंग्रह तेथेंच छापून बोटीवर काम करीत परत आले. परत आल्यावर एम्. ए. च्या पदवीनें त्यांना लगेच कॉलेजची खुर्ची दिली असें नाहीं. साप्ताहिकांत काम, जाहिरातीच्या कंपनींत काम, चित्रांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्याची व्यवस्था, असे उद्योग त्यांनीं केले. १९६१ सालीं पार्ल्याचें मिठीबाई कॉलेज निघालें, तेव्हां ते तेथें इंग्रजीचे विभागप्रमुख झाले, आणि १९७२ पर्यंत तेथें राहिले. नंतर विद्यापीठांत अमेरिकन वाङ्मय शिकविलें. १९८३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. विंचवावरची त्यांची कविता इंग्लंडांतल्या शाळकरी मुलांनींहि परीक्षेसाठीं वाचली आहे.

त्यांच्या कांहीं कविता आपल्याकडच्या कारकुनी इंग्रजींत आहेत. त्यांत प्रत्येक क्रियापद चालू वर्तमानकाळांत धांवतें. निरोपसमारंभाच्या भाषणाची त्यांची कविता ऐकून श्रोते हंसून लोळतात. ही आपली थट्टा आहे कीं आपल्यावरचें प्रेम, ह्यावर टीकाकारांत मतभेद आहे. इंग्रजी शाळेंत न शिकलेल्या विद्यार्थ्याला तें हंसूं टोंचण्याचा संभव आहे, आणि त्याला तसें वाटल्यास त्याचें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. पण त्याच इझिकेल यांनीं वृंदा नाबर यांच्या सोबतीनें इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजींत आणल्या. कोंकणांतल्या मराठीच्या कांठापासून दूर गेलेला हा कवि एका मराठी कवयित्रीच्या शब्दांपाशीं पुन्हां आला, तो दुसऱ्याचा हात धरून.

दुसरे विलास सारंग. १९४२ सालीं कारवारकडे जन्म, मुंबईंत एल्फिन्स्टनला शिक्षण, इंग्रजींत एम्. ए., मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी., आणि अमेरिकेंतल्या इंडियाना विद्यापीठाची आणखी एक. इतक्या पदव्या असलेला मराठी कथालेखक विरळा. इराकमध्यें बसरा येथें त्यांनीं अध्यापन केलें, आणि पुढें मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे ते प्रमुख होते. 'सोलेदाद' हा त्यांचा कथासंग्रह १९७५ सालचा. 'एन्कीच्या राज्यांत' ही कादंबरी १९८३ सालची, आणि ती इराकच्या वास्तव्यांतून निघाली. त्यांच्या कथा मराठींतून इंग्रजींत व इंग्रजींतून मराठींत अशा जात येत राहिल्या. मराठी वाचकाला त्या परक्या वाटल्या आणि इंग्रजी वाचकांपर्यंत त्या उशिरां पोंचल्या. दोन भाषांत लिहिणाऱ्याचे वाचक दुप्पट होतात ही समजूत किती भाबडी आहे हें त्यांच्या उदाहरणावरून दिसतें. २०१५ सालीं ते वारले.

तिसरे भालचंद्र नेमाडे. खानदेशांतल्या सांगवी गांवचे. भाषाशास्त्र आणि इंग्रजी ह्या दोन विषयांत ते एम्. ए. झाले, त्यांपैकीं इंग्रजीची पदवी मुंबईची. उभा जन्म इंग्रजी शिकविण्यांत गेला, आणि ललित लेखन सारें मराठींत. 'कोसला' १९६३ सालीं आली. तिचा नायक पुण्यास पदवीसाठीं जातो आणि रिकाम्या हातानें गांवीं परततो, हें ह्या विषयाच्या संदर्भांत आठवण्यासारखें आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या वर्चस्वावर सर्वांत कडाडून टीका मराठींत कोणी केली असेल तर ती ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनीं. ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना २०१४ सालचा मिळाला. त्यांच्या आधीं ज्या मराठी साहित्यिकाला तो मिळाला ते विंदा करंदीकर. तेहि इंग्रजीचेच अध्यापक. ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र, गटेचा फाउस्ट आणि शेक्सपियरचा लिअर मराठींत आणणाऱ्या विंदांच्या हातांत इंग्रजीची पदवी हें उघडें दार होतें; त्यांतून त्यांनीं सामान घरांत आणलें.

मुलींच्या दृष्टीनें आणखी एक नांव घ्यावयास हवें, तें शांता गोखले यांचें. ब्रिस्टलला इंग्रजीची बी. ए., मुंबईची एम्. ए., एल्फिन्स्टनमध्यें कांहीं काळ अध्यापन, पुढें वर्तमानपत्रांत कलाविषयक लेखन; आणि 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी मात्र मराठींत. ती इंग्रजींत त्यांनीं स्वतःच नेली. ह्या सर्वांच्या उलट अरुण कोलटकर. त्यांचें शिक्षण चित्रकलेचें, पोट जाहिरातीच्या धंद्यावर, वाङ्मयाची पदवी नाहीं. पण १९७६ सालच्या 'जेजुरी'नें इंग्रजी काव्यांत जी जागा मिळविली ती इंग्रजीच्या थोड्याच प्राध्यापकांना लाभली.

ह्यांतून पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, वरील मंडळींपैकीं बहुतेकांचा मराठीशीं संबंध पदवीबरोबर तुटला नाहीं. बोरिवली किंवा मुलुंडच्या मराठी शाळेंतून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गांत पहिले सहा महिने मागल्या बांकावर असतो. त्याचे उच्चार अडतात, व्याख्यानाचा वेग त्याला झेपत नाहीं, आणि दक्षिण मुंबईच्या शाळांतून आलेलीं मुलें एकमेकांशीं ज्या सहजतेनें बोलतात तिची त्याला धास्ती वाटते. ही अडचण खरी आहे, ती हंसण्यावारी नेऊं नये. पण भाषांतराचा तास आला, किंवा तुकारामाचा इंग्रजी अभंग मूळाशीं ताडून पाहण्याची वेळ आली, कीं पारडें फिरतें. तेथें ज्याला एकच भाषा येते तो अडतो. अशा विद्यार्थ्यानें पर्यायी विषयांतून भाषांतरविद्या अवश्य घ्यावी, आणि ती 'सोपी' म्हणून नव्हे. नीट केली तर ती सर्वांत कठीण आहे.

आतां चरितार्थाचा प्रश्न, कारण बाबांनीं तो विचारला आहे आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम्. ए. ला दोन वर्षें म्हणजे चार सत्रें लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणें चार वर्षांची पदवी घेतल्यास एकच वर्ष पुरतें. एवढ्यानें कॉलेजांत शिकवितां येत नाहीं. एम्. ए. ला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि शिवाय नेट किंवा सेट ह्यांपैकीं एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नेट ही १९८९ पासून सर्व देशासाठीं घेतली जाते, सेट महाराष्ट्र व गोवा ह्यांच्यासाठीं पुणें विद्यापीठ घेतें. नेटमध्यें तीन तासांत १५० प्रश्न आणि ३०० गुण. प्रत्येक प्रश्नास चार उत्तरें दिलेलीं, त्यांतल्या एकावर खूण करावयाची. दोन वर्षें विद्यार्थ्याला सांगावयाचें कीं कवितेस एकच अर्थ नसतो, आणि तिसऱ्या वर्षीं चारांतला एक निवडावयास लावावयाचें, ह्यांतली गंमत परीक्षा घेणाऱ्यांच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरहि कायमची जागा सहज मिळत नाहीं. अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावर नेमणूक होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचें मानधन, उन्हाळ्याच्या सुटींत कांहीं नाहीं, आणि जूनमध्यें पुन्हां अर्ज. सकाळीं एका कॉलेजांत, दुपारीं दुसऱ्या, असें लोकलनें फिरत तिशी ओलांडलेले पीएच्. डी. पदवीधर ह्या शहरांत आहेत. कायम जागा भरण्याचें काम सरकारी मंजुरीवर अवलंबून असतें आणि तें वर्षानुवर्षें रेंगाळतें. विद्वानांना अशा रीतीनें रोजंदारीवर ठेवणें हें कोणत्याहि शिक्षणखात्याला शोभणारें नाहीं. ज्युनियर कॉलेजसाठीं एम्. ए. बरोबर बी. एड्. लागतें; तेव्हां आईची सूचना, मुलीला कितीहि रुक्ष वाटली तरी, विचार करण्यासारखी आहे.

शिकविण्याबाहेरचीं कामें म्हणजे प्रकाशनसंस्थेंत संपादन, वर्तमानपत्र, जाहिरातीची मजकूरलेखनाची बाजू, भाषांतर, आणि चित्रपटांच्या संवादांचीं उपशीर्षकें. ह्यांपैकीं भाषांतर व मजकूरलेखन ह्यांवर यंत्रांनीं आतां हात घातला आहे. यंत्र क्षणांत पानभर इंग्रजी लिहून देतें, आणि तें वरवर पाहतां निर्दोष असतें. त्या पानांतलें कोणतें वाक्य पोकळ आहे हें सांगणारा मात्र लागतो. रिचर्ड्सच्या प्रयोगांतली संवय तेथें उपयोगी पडते. पण अशा माणसाला वेतन किती मिळेल हें बाजार ठरवितो, विद्यापीठ नव्हे.

ज्यांना नोकरी सोडतां येत नाहीं, किंवा ज्यांच्यावर संसाराचा भार आहे, त्यांच्यासाठीं मुंबई विद्यापीठानें १९७१ सालापासून टपालानें, आणि आतां संगणकावरून, दूरशिक्षणाची सोय केली आहे; इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचीहि इंग्रजीची एम्. ए. आहे. ह्या मार्गानें पदवी तीच मिळते, खर्च थोडा येतो, आणि बँकेंत किंवा शाळेंत काम करणाऱ्या अनेक गृहिणींनीं ती घेतली आहे. उणीव एकच, पण मोठी: वर्ग नसल्यामुळें मोठ्यानें मतभेद करण्यास कोणी भेटत नाहीं. ती भरून काढण्यासाठीं तिघीचौघींनीं रविवारीं सकाळीं एकत्र वाचावें. पुस्तक एक असलें तरी चालतें.

प्रत्यक्ष वर्गांत बसणाऱ्यांनीं जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाचें ओळखपत्र पहिल्याच आठवड्यांत करून घ्यावें. तें विद्यानगरींतच आहे. मुलुंड-घाटकोपरकडच्यांना कुर्ल्यास उतरून, आणि बोरिवली-अंधेरीकडच्यांना सांताक्रूझला उतरून बस किंवा रिक्षा धरावी लागते. जातां येतां रोज दोन तास तरी मोडतात. बोरिवली ते सांताक्रूझ एवढ्या प्रवासांत एखादी एकांकिका वाचून होते, मात्र त्यासाठीं बसावयास जागा मिळाली पाहिजे.